पाच रंगांची अवतरणचिन्हं आणि वाचकांचे दोन तट: एका सचित्र भयकथेचा प्रकरण अभ्यास

मार्क झेड. डॅनियलेव्स्की यांच्या ‘द फिफ्टी इयर सोर्ड’ या सचित्र भयकथेबद्दल वाचकांमध्ये पहिल्यापासून दोन तट आहेत. एका तटातले वाचक पुस्तक जपून ठेवतात आणि हॅलोवीन आला की पुन्हा बाहेर काढतात. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं, की तासाभरात संपलं, गोष्ट एवढीशी, बाकी सगळी सजावट. दोघंही पुरावा म्हणून तीच पानं उघडून दाखवतात, म्हणून हे प्रकरण तपासण्याजोगं आहे. प्रौढांसाठी चित्रांची भयकथा करायची, तीही मांडणीचे प्रयोग करत, तर वाचक नेमका कुठे अडतो आणि त्यात दोष कोणाचा, हे इथे पानावर बोट ठेवून सांगता येतं.

चर्चेच्या सोयीसाठी कथेचा शेवट खाली उघड केला आहे.

पुस्तकात आहे काय

चिंताना ही शिवणकाम करणारी बाई. तिचा नुकताच घटस्फोट झालाय आणि तो ज्या बाईमुळे झाला ती बेलिंडा काइट. पूर्व टेक्ससमधल्या एका घरी हॅलोवीनची मेजवानी आहे. त्याच रात्री बेलिंडाला पन्नास वर्षं पूर्ण होणार आहेत. घरात पाच अनाथ मुलं आहेत आणि त्यांना गोष्ट सांगायला एक अनोळखी माणूस येतो. सोबत लांबट काळी पेटी, तिला पाच कड्या. तो सांगतो ती गोष्ट त्याच्या स्वतःच्या शस्त्रशोधाची: मिठाची दरी, सूर गळणारं अरण्य, असंख्य वाटांचा डोंगर आणि शेवटी हात नसलेला शस्त्रकार. त्याच्याकडून आणलेल्या तलवारीला मूठ आहे, पातं दिसत नाही. तिचा घाव लगेच उमटत नाही. ज्याच्यावर वार झाला त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली की उमटतो. बेलिंडा हे सगळं थोतांड ठरवायला ती मूठ हातात घेऊन स्वतःवरच फिरवते. मग मध्यरात्र होते.

एवढंच कथानक. आता त्याची मांडणी. अख्खी कथा पाच निवेदक मिळून सांगतात आणि कोण बोलतंय हे फक्त अवतरणचिन्हाच्या रंगावरून कळतं. वाक्य एकाचं, ते तोडतो दुसरा, पुरं करतो तिसरा. शब्द मोडलेले, जोडलेले, काही नव्याने घडवलेले. ओळी कवितेसारख्या आखूड आणि बराचसा मजकूर डाव्या पानांवर. उजवीकडे चित्र किंवा कोरी जागा.

पुस्तकाची पहिली आवृत्ती २००५ मध्ये नेदरलँड्समध्ये निघाली. इंग्रजी प्रती फक्त १,००० होत्या आणि चित्रं पीटर व्हान साम्बेक यांची होती. २०१२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पँथियन या प्रकाशनसंस्थेने काढलेली आवृत्ती बहुतेक वाचकांच्या हाती आली. तिची पानं २८८. त्यात चित्रं नव्याने केली होती आणि तीही शिवून, म्हणजे खऱ्या दोऱ्याने घातलेल्या टाक्यांची. या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात, २०१० पासून, लॉस एंजेलिसच्या रेडकॅट थिएटरमध्ये हॅलोवीनला या कथेचे प्रयोग झाले: वाचणारे नट, पडद्यावर सावल्यांचा खेळ, पियानोवर ख्रिस्तोफर ओ’रायली. हा क्रम लक्षात ठेवायला हवा. २०१२ चं पुस्तक रंगमंचावर वाचून झालेल्या संहितेचं पुस्तक आहे, आणि बऱ्याचशा तक्रारींचं मूळ तिथे सापडतं.

पानं फार, मजकूर थोडा

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार ही. नाराज वाचक पाठीवरचा पानांचा आकडा बघून पुस्तक घेतो आणि २८८ म्हणजे तीन-चार रात्रींचं वाचन असा त्याचा अंदाज असतो. प्रत्यक्षात निम्मी पानं चित्रांची किंवा कोरी, उरलेल्या निम्म्यांवर आखूड ओळी, आणि काही ठिकाणी पानभर जागेत जेमतेम एक-दोन ओळी. तास-दीड तासात मुखपृष्ठ ते मलपृष्ठ.

यातला हिशेब खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. भयकथेत पान उलटणं हे विरामाचं साधन असतं. पेटीच्या कड्या उघडण्याचा प्रसंग घ्या. मजकूर विरळ होत जातो, वाचक पान उलटतो, पुन्हा थोडेसे शब्द, पुन्हा पान. सांगणारा माणूस जिथे मुद्दाम थांबला असता तिथे कागद थांबवतो. हाच मजकूर सलग छापला असता तर तो पाऊण पानात संपला असता आणि पाचही कड्या एका श्वासात उघडल्या असत्या.

तंत्र मात्र नाजूक आहे आणि ते कुठे फसतं हेही सांगायला हवं. हा विराम फक्त पहिल्या वाचनात आणि फक्त सावकाश वाचणाऱ्यावर चालतो. प्रौढ वाचकाची नजर ओळीवरून सरकते ती मजकूर संपेपर्यंत. दहा शब्दांचं पान तो तीन सेकंदांत उलटतो. म्हणजे जी जागा थांबण्यासाठी ठेवली तिथे त्याचा वेग उलट वाढतो आणि कथा धावत सुटते. नाराज वाचक ज्याला पोकळ म्हणतात तो अनुभव बहुतेक वेळा इथून येतो. त्यांनी वाचलं नीटच, पण कादंबरी वाचायच्या सवयीच्या वेगाने वाचलं. थांब असं सांगणारं त्या पानात काहीच नाही. रंगमंचावर हे काम नटाचा श्वास आणि पियानो करत होते.

रंग: जिथे वाचक बरोबर आहेत

आता ज्या तक्रारीत वाचकांची बाजू मला पूर्ण पटते तिच्याकडे. पाच निवेदकांना पाच रंग दिले आहेत आणि ते सगळे पानगळीच्या दिवसांतल्या पानांचे: पिवळा, नारिंगी, लाल, तपकिरी असे शेजारशेजारचे. एकत्र पाहिले तर सुरेख. पण ज्या कामासाठी ते ठेवलेत, म्हणजे आवाज वेगळे ओळखू येणं, ते काम त्यांच्याकडून होत नाही. कारणं अगदी ठोस आहेत.

पहिलं कारण आकाराचं. ११ पॉइंटच्या टाइपात अवतरणचिन्हाची उंची साधारण एक मिलिमीटर भरते. पुस्तक डोळ्यांपासून चाळीस सेंटिमीटरवर धरलं तर ते चिन्ह डोळ्यात एका अंशाच्या सातव्या भागाइतका कोन व्यापतं. एवढ्या छोट्या ठिपक्याचा रंग माणसाचा डोळा नीट सांगू शकत नाही. त्यातही दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथे आपण टाइप वाचतो, निळा प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळपास नसतात आणि पिवळं आणि पांढरं यांतला फरक ओळखायला याच पेशी लागतात. पांढऱ्या कागदावरचं पिवळं चिन्ह म्हणून हमखास निसटतं. पिवळसर बल्बखाली तर ते पुसल्यासारखंच होतं.

दुसरं कारण रंगदृष्टीचं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्याचा भेद कमी कळतो; स्त्रियांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. अशा डोळ्यांना लाल, तपकिरी आणि गडद नारिंगी या छटा एकमेकींत मिसळतात. म्हणजे ही खूण जिथे सगळ्यात दाट आहे तिथेच ती या वाचकांना दिसत नाही. निळा, काळा, नारिंगी असे दूरदूरचे रंग घेतले असते तर त्रास कमी झाला असता, पण मग पानगळीचा भास गेला असता. निवड दिसण्याच्या बाजूने झाली आणि किंमत वाचनाने मोजली.

तिसरं छपाईचं. बारीक चिन्हं चार शाईंच्या मिश्रणातून रंगवायची तर प्रत्येक शाईचे ठिपके एकमेकांवर बिनचूक बसावे लागतात. पाव मिलिमीटरचा फरक मोठ्या चित्रात कोणाला दिसत नाही. एक मिलिमीटरच्या चिन्हात मात्र तो त्याचा पाव भाग खातो आणि नारिंगीच्या कडेला गुलाबी सुटतो. म्हणून असं काम हाती घेणाऱ्याने चिन्हांसाठी आधीच कालवलेली स्वतंत्र शाई वापरावी किंवा चिन्हाऐवजी निदान पहिला शब्द रंगवावा. पृष्ठभाग वाढला की रंग कळतो.

आणि करड्या पडद्याच्या वाचनयंत्रावर (ई-रीडरवर) तर पाचही आवाज एकाच रंगात येतात. तिथे वाचून मत दिलेल्यांनी कोण बोलतंय हे कळलं नाही असं म्हटलं, तर त्यांच्यासमोर ती खूण आलेलीच नव्हती.

याच्याही पुढचा एक आक्षेप जाणते वाचक घेतात आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो: रंग नीट ओळखले तरी फारसं काही हाती लागत नाही. रंग झाकून ठेवा आणि हे वाक्य कोणाचं, असं विचारा. सांगता येत नाही. बोलण्याची लकब, आवडते शब्द, वाक्याची लांबी, यांवरून पाचांतला एकही निवेदक ठळकपणे वेगळा होत नाही. मोडलेले शब्द सगळ्यांच्याच तोंडी आहेत. पाच कड्या, पाच मुलं, पाच रंग हा मेळ वाचक जुळवतो आणि ही पाच मुलंच मोठी होऊन सांगतायत असा तर्क करतो. कल्पना फार ताकदीची आहे. एकाच रात्रीची आठवण पाच जण सांगतायत आणि ती त्यांना आता एकेकट्याला पूर्ण आठवत नाही, यातली धास्ती तलवारीपेक्षा मोठी आहे. पण ती पोचण्यासाठी कुणाला तरी काहीतरी वेगळं आठवायला हवं होतं, एखादा तरी विसंगत तपशील हवा होता. निवेदक एकमेकांना पुरवणी देतात, खोडून फारसे काढत नाहीत.

चित्रांत भूत का नाही

प्रौढांच्या पुस्तकात चित्रं कशाला, अशी शंका फारशी कोणी घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. १८४३ मध्ये चार्ल्स डिकन्स यांची नाताळची भुतांची गोष्ट जॉन लीच यांच्या आठ चित्रांसह निघाली, त्यांतली चार हातांनी रंगवलेली होती. प्रौढांची भयकथा चित्रांसह वाचायची सवय जुनी आहे. फरक असा, की लीच भूत दाखवतात. साखळ्या ओढत आलेला मार्ले वाचकाला समोर दिसतो. २०१२ च्या या पुस्तकात दिसतात टाके, ओढलेले धागे, टोचलेली भोकं, आणि त्यांतून हळूहळू आकार घेणारं काहीतरी. वेष्टनावरसुद्धा सुईची टोचणी आहे. रंगवलेल्या प्रसंगाची वाट पाहणारा वाचक इथे गोंधळतो आणि रेघोट्या म्हणून पान उलटतो.

चिंताना शिवते, हे एकदा ध्यानात आलं की चित्रांचा रोख कळतो. कथेतला धोका कापण्याचा आहे आणि नायिकेचं काम जोडण्याचं. चित्र करणाऱ्यांनी हा झगडा प्रसंगाऐवजी साधनातच घातला. जिथे दोरा घट्ट आणि नीट, तिथे कथा शांत. जिथे टाके उसवलेले, टोकं लोंबती, तिथे काहीतरी फाटायला आलंय. पुस्तकाच्या शेवटाकडची पानं सुरुवातीच्या पानांशेजारी ठेवून पाहिली तर हे शब्द न वाचताही दिसतं.

शिवलेली चित्रं छापताना एक अडचण असते, आणि असं काही करू पाहणाऱ्यांनी ती आधीच सोडवलेली बरी. दोऱ्याची खरी ताकद त्याच्या उठावात असते. स्कॅनरवर पालथं ठेवलं की सावली बरीचशी जाते आणि टाका पेनाच्या रेघेसारखा दिसतो. उजेड एका बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर टाकून छायाचित्र काढलं, तर दोऱ्याची सावली आणि सुईच्या भोकाची वर आलेली कड दोन्ही उमटतात. कागदही जाड हवा. पातळ कागद दाट टाक्यांनी टपाल तिकिटासारखा भोकांच्या रेषेवर फाटतो.

भीती वाटली का

इथे मतं सर्वांत विखुरलेली आहेत. बेलिंडाचा शेवट आधीच कळला, असं म्हणणारे अनेक, आणि त्यांचं खरं आहे. पन्नासाव्या वर्षी उघडणारा घाव, पन्नाशीची मेजवानी, मूठ हातात घेणारी गर्विष्ठ बाई: तिन्ही गोष्टी मांडल्यावर पुढचं कोणीही सांगेल. पण शेकोटीभोवतीच्या गोष्टींत पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला माहीत असतंच; तो थांबतो ते कधी आणि कसं यासाठी. या कथेने मध्यरात्र ठरवून टाकली आहे, म्हणजे कधी हेही माहीत. उरतं फक्त कसं. तिथे मोडक्या शब्दांची भाषा पहिल्यांदा पूर्ण कामाला येते. शरीर तुटतं तेव्हा वाक्यही आधीपासूनच तुटलेलं असतं.

ज्यांना भीती वाटली ते बहुतेकदा बेलिंडाबद्दल बोलतच नाहीत. ते चिंतानाबद्दल बोलतात. जिच्यामुळे आपला संसार मोडला तिचा अंत डोळ्यांसमोर होतोय आणि हातात सुई धरणारी आपण एकटी. तिला त्या क्षणी काय वाटतं हे कथा सांगून टाकत नाही. माझ्या मते पुस्तकाचा जीव या जागी आहे, आणि घाईने वाचणाऱ्याकडून नेमकी हीच जागा सुटते, कारण तोवर त्याचं लक्ष तलवारीकडे असतं.

त्याच लेखकाची २००० सालची ‘हाउस ऑफ लीव्हज’ ही जाडजूड कादंबरी वाचून आलेल्यांची निराशा वेगळी धरावी. त्यांना तळटीपांचा चक्रव्यूह हवा होता. मिळाली एका रात्रीची गोष्ट.

मतं तपासताना

अशा पुस्तकावरची मतं गोळा करणाऱ्या संपादकाने किंवा वाचनगटाने तारे मोजत बसू नये. प्रत्येक मताला आधी चार प्रश्न लावावेत. कोणती आवृत्ती वाचली: २००५ ची, २०१२ ची कागदी, पाच कड्यांच्या पेटीतली मर्यादित, की ई-पुस्तक? मनात वाचली की ऐकली? एका बैठकीत की तुकड्यांनी? आधी या लेखकाचं काय वाचलं होतं? उत्तरं मिळाली नाहीत तर ते मत वेगळ्या ढिगात टाकावं, कारण ते पुस्तकाबद्दल आहे की पडद्याबद्दल हे सांगता येत नाही. त्यानंतर तक्रार पानावर नेऊन बसवावी. कंटाळवाणं वाटलं यातून काही कळत नाही. कड्या उघडताना कंटाळा आला यातून खूप कळतं. एकाच पानावर परस्परविरोधी मतं जमली तर तिथे वाचनाचा वेग आड येतोय असं समजावं. एकाच पानावर सगळे एकाच कारणाने अडले तर दोष छपाईचा किंवा संहितेचा.

पाच जणांत वाचायचं तर

मनात वाचून नापसंत केलेल्या गटांनी एकदा अभिवाचन करून पाहावं. पाच वाचक लागतात आणि तयारीला एक संध्याकाळ. आधी एकाने दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसून सगळं पुस्तक नजरेखालून घालावं आणि रंग बदलेल तिथे समासात मऊ पेन्सिलने १ ते ५ असा आकडा टाकावा. पुस्तकावर खुणा करवत नसतील तर कडेला चिकटकागदाच्या पट्ट्या लावाव्यात. हे काम दिव्याखाली करू नये. पिवळी चिन्हं राहून जातात आणि मग ऐन वाचनात दोघं एकदम बोलतात. ज्याला रंग ओळखायला अडचण आहे त्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावं, आवाज मात्र जरूर द्यावा.

वाचताना प्रत आवाजाच्या क्रमाने फिरवू नका. तुकडे फार छोटे आहेत, हातबदलातच लय जाते. निदान तीन प्रती हव्यात, दोघांत एक. पहिल्या दहा मिनिटांत सगळे अडखळतात. मोडलेला शब्द दिसला की वाचणारा तो मनात दुरुस्त करून बोलतो, आणि तिथेच मजा जाते. छापलाय तसाच उच्चारायचा, अर्थ लागला नाही तरी. अर्धं तुटलेलं वाक्य दुसऱ्याने मध्ये न थांबता उचलायचं. जिथे पान जवळजवळ कोरं आहे तिथे पान उलटणाऱ्याने मनात पाच आकडे मोजायचे, मग उलटायचं. घाई करणाऱ्याकडे हे काम देऊ नये. चित्रं ऐकणाऱ्यांना दिसावीत म्हणून एक प्रत वेगळी उघडी ठेवून तिची पानं सोबत फिरवावीत. थांबे धरून दोन तास धरा, मध्यंतर नको.

पाच वाचक जमले नाहीत तर तिघांतही भागतं: दोघांनी दोन-दोन आवाज घ्यावेत आणि पाचवा, सगळ्यांत कमी बोलणारा आवाज तिसऱ्याला द्यावा, म्हणजे अनोळखी माणसाची गोष्ट सुरू झाल्यावर तिसऱ्याला लक्ष देऊन ऐकायला मिळतं. कोणाचा वाटा किती हे पेन्सिलीचे आकडे मोजले की आधीच कळतं. वाचन झाल्यावर मत विचारायचं ते लगेच नको, दुसऱ्या दिवशी विचारा, आणि पहिला प्रश्न चिंतानाबद्दल असू द्या.